बीएस्सी नर्सिंगला ॲडमिशन घ्यायचंय? मग सुरुवात कागदांपासून करा

डिसेंबर लागला की मला फोन यायला सुरुवात होते. गावाकडचे, पाहुण्यारावळ्यातले, कधी वॉर्डातल्या पेशंटचे नातेवाईक, आणि प्रश्न एकच, सिस्टर, आमच्या पोरीला नर्सिंगला घालायचंय, काय काय करावं लागतं? मी सरकारी हॉस्पिटलात नर्सिंग ऑफिसर आहे, माझं स्वतःचं बीएस्सी नर्सिंग महाराष्ट्रातच झालं, आणि गेल्या वर्षी मावसबहिणीचं ॲडमिशन सीईटीच्या म्हणजे प्रवेश परीक्षेच्या फॉर्मपासून ते हॉस्टेलमध्ये गादी टाकेपर्यंत मी तिच्यासोबत राहून केलं, त्यामुळे सांगतेय ते ताजं आहे. इतक्या वर्षांत मी एक पाहिलं, मार्क कमी पडले म्हणून जितक्या सीटा जातात त्यापेक्षा जास्त एखादा कागद वेळेत नव्हता म्हणून जातात. आणि ज्यांना सीट मिळते त्यातल्याही बऱ्याच जणी कॉलेजची बिल्डिंग बघून येतात, हॉस्पिटल बघतच नाहीत, मग चार वर्षं पस्तावतात. म्हणून या दोन गोष्टींवर जास्त लिहिलंय, बाकीचं भराभर.

आधी कोर्स कुठला ते पक्कं करा

नर्सिंग म्हटलं की लोक सगळं एकाच पोत्यात घालतात. एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवायफरी दोन वर्षांचा, जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी तीन वर्षांचा, आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची डिग्री, आठ सेमिस्टर. एएनएम आणि जीएनएम कुठल्याही शाखेच्या बारावीवर करता येतात, बीएस्सीला मात्र सायन्स पाहिजे आणि त्यातही बायोलॉजी पाहिजेच, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्सवाल्यांना चालत नाही. जीएनएम केलेल्यांना पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून डिग्री घेता येते, तोही चांगला रस्ता आहे, घरची परिस्थिती बघून कोणी तो धरला तर कमीपणा काही नाही. पण बारावी सायन्स झालीय आणि चार वर्षं काढता येतायत तर बीएस्सीच करा असं माझं स्पष्ट मत. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरची जी नॉरसेट परीक्षा असते तिला बीएस्सीवाल्या डिग्री आणि रजिस्ट्रेशन झालं की लगेच बसू शकतात, जीएनएमवालीला ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. त्या पोस्टचा बेसिक पगार सातव्या वेतन आयोगात ४४,९०० आहे. एमएस्सी करून शिकवायला जायचं तरी डिग्रीच लागते.

आणि तालुक्याच्या गावात बसस्टँडसमोर "नर्सिंग कोर्स सहा महिने, नोकरीची हमी" असे बोर्ड दिसतात ना, त्यातून तुम्ही नर्स होत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव रजिस्टर झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, आणि असल्या कोर्सवर ते रजिस्ट्रेशन होत नाही. मी अशा मुली पाहिल्यात, दोन दोन वर्षं खासगी दवाखान्यात राबल्या, इंजेक्शनं देतात, सलाईन लावतात, आणि सरकारी जाहिरात निघाली की अर्जच करता येत नाही. फार वाईट वाटतं.

पात्रता, थोडक्यात

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ओपनला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०. एकूण टक्केवारी नाही, या तीन विषयांची बेरीज करायची, इथे खूप जण चुकतात, मराठी आणि बाकीच्या विषयांनी टक्के वर गेलेले असतात आणि वाटतं आपण बसतोय. इंग्रजीत वेगळं पास पाहिजे. ज्या वर्षी ॲडमिशन घेताय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण पाहिजे. आणि शरीराने फिट असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट. मुलांनाही प्रवेश आहे, वॉर्डात त्यांना ब्रदर म्हणतात आणि कॅज्युअल्टीत, आयसीयूत ते अगदी हवेच असतात, फक्त काही कॉलेजं मुलींसाठीच असतात, उदाहरणार्थ मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज, तेवढं बघून घ्या.

आता कागद, हे नीट वाचा

हे काम अकरावीत सुरू करायचं, बारावीनंतर नाही. मी शांतपणे एकेक सांगते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. जातीचा दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी वेगळी, दाखला प्रांत ऑफिसमधून मिळतो, व्हॅलिडिटी जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून, आणि अनुसूचित जमातीची समिती वेगळी असते. अकरावी-बारावी सायन्सला असताना ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र घेऊन अर्ज करता येतो. सोबत वडिलांचा, आजोबांचा शाळेचा पुरावा, वंशावळीचं शपथपत्र, आणि घरात वडील, काका, आत्या अशा रक्ताच्या नात्यात कोणाची व्हॅलिडिटी आधी झाली असेल तर ती जोडा, काम खूप सोपं होतं. नसेल तर जुना पुरावा शोधावा लागतो, आणि तो किती जुना ते प्रवर्गावर असतं. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा.

मावसबहिणीच्या वेळी आमच्या घरात कोणाचीच व्हॅलिडिटी नव्हती. तिच्या आजोबांचा शाळेचा उतारा काढायला आम्ही दोघी त्यांच्या मूळ गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. हेडमास्तरांनी लोखंडी कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून कापडात बांधलेलं जनरल रजिस्टर काढलं, पानं बिस्किटासारखी तुटत होती. शाईने लिहिलेलं नाव सापडलं पण ते घरातलं लाडाचं नाव, आणि सातबाऱ्यावर, आधारवर पूर्ण नाव वेगळं. मास्तर म्हणाले, मी रजिस्टरात आहे तेच देणार, एक अक्षर बदलणार नाही, आणि ते बरोबरच होतं. मग त्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे म्हणून शपथपत्र केलं, त्याच रजिस्टरातून आजोबांच्या सख्ख्या भावाचाही उतारा घेतला, जन्मगाव आणि वडिलांचं नाव दोन्हीकडे सारखं आलं, आणि ते जोडल्यावर समितीने मान्य केलं. या सगळ्यात पाच महिने गेले. पाच महिने! हे कोणी जूनमध्ये सुरू केलं तर काय होईल तुम्हीच बघा. माझ्या वेळी माझं हेच झालं होतं, व्हॅलिडिटी हातात नाही म्हणून ओपनमधून यादीत गेले आणि घरापासून चाळीस किलोमीटरवरचं सरकारी कॉलेज गेलं, प्रायव्हेटची चार वर्षांची फी वडिलांनी कशी भरली ते मला माहितीये. म्हणून मी याबाबतीत सगळ्यांच्या मागे लागते.

नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचं सर्टिफिकेट, ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) यांना लागतं, एससी-एसटीला लागत नाही. त्याची मुदत असते, ॲडमिशनच्या वर्षात चालू असलेलं पाहिजे, मागच्या वर्षी संपलेलं दाखवून उपयोग नाही. ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बल घटकातल्यांनी आपला ईडब्ल्यूएसचा दाखला राज्याच्या नमुन्यात काढायचा, आणि एम्ससारख्या केंद्राच्या ठिकाणी अर्ज करायचा असेल तर केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढायचा, ओबीसीचंही तसंच. डोमिसाईल म्हणजे वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, हे सगळे आपले सरकारच्या पोर्टलवरून किंवा सेतूतून निघतात. एक सांगते, सेतूत निकालानंतरच्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते, सर्व्हर बंद पडतो, तलाठ्याचा अहवाल मिळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत काढून टाका, हे दाखले तेव्हाही निघतात, गर्दी नसते. फक्त उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्ष बदललं की एप्रिलनंतर नव्याने काढावा लागतो.

मग नावाची भानगड. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आधारवर उलटं, हे चालतं. पण स्पेलिंग वेगळं असलं, आधारवर वडिलांचं नावच नसलं, जन्मतारखेत फरक असला तर सीईटीच्या फॉर्मपासून स्कॉलरशिपपर्यंत सगळीकडे अडतं. दहावीची मार्कशीट प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. मोबाईल नंबर आधारला जोडलेला आणि तुमच्या घरात असलेला पाहिजे, नेटकॅफेवाल्याचा नंबर आणि त्याचा ईमेल फॉर्ममध्ये कधीच टाकायचा नाही, ओटीपी त्याला जातो, पासवर्ड त्याच्याकडे राहतो आणि सीट वाटपाच्या राऊंडचा मेसेज आला ते तुम्हाला कळतच नाही.

बाकी दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, गॅप असेल तर गॅपचं शपथपत्र, फोटो, सही. सगळं स्कॅन करून मोबाईलमध्ये एक फोल्डर, आणि ओरिजिनलची एक प्लॅस्टिकची फाईल, झेरॉक्सचे तीन सेट. टीसी कॉलेजमधून काढल्यावर त्याच दिवशी दोन-तीन झेरॉक्स करा कारण ती एकदा जमा झाली की परत दिसत नाही.

सीईटी

महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगचे प्रवेश आधी काही वर्षं नीटच्या मार्कांवर व्हायचे, आता राज्य सीईटी सेल नर्सिंगची वेगळी सीईटी घेतो. नीट देऊ नका असं मी म्हणत नाही, पुढे सांगते ती कुठे लागते, पण राज्यातल्या सीटांसाठी ही सीईटी द्यावीच लागते. फॉर्म बोर्डाच्या परीक्षेच्या आधीच सुटतात, २०२५ ची सीईटी तर ७ आणि ८ एप्रिललाच झाली, म्हणून बारावीचा निकाल लागल्यावर बघू म्हणणाऱ्यांची गाडी तिथेच चुकते. डिसेंबरपासून सीईटी सेलची वेबसाईट आठवड्यातून एकदा उघडून बघायची सवय लावा, आणि माहितीपुस्तिका आली की डाउनलोड करून पूर्ण वाचा, लांबलचक असते, कंटाळा येतो, पण दरवर्षी नियमात काहीतरी इकडचं तिकडे होतं आणि ते तिथेच लिहिलेलं असतं.

पेपर कॉम्प्युटरवर, १०० प्रश्न, १०० मार्क, दीड तास. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी २०. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अभ्यास म्हणाल तर अकरावी-बारावीची बोर्डाची पुस्तकं, त्यात बायोलॉजीतलं मानवी शरीर पक्कं करा, ते पुढे पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी-फिजिओलॉजीतही कामाला येतं. क्लास लावायलाच पाहिजे असं काही नाही. इंग्रजीचे २० मार्क गावाकडच्या मुली सोडून देतात, तसं करू नका, सोपं ग्रामर आणि छोटा उतारा असतो, रोज अर्धा तास दिला तरी होतो. ॲप्टिट्यूडमध्ये थोडं लॉजिक आणि थोडं पेशंटशी कसं वागाल, अशा प्रसंगात आधी काय कराल असलं असतं. तिथे आपण हिरो होऊन डॉक्टरचं काम करायचं नाही, पेशंट सुरक्षित ठेवणं आणि वरिष्ठांना कळवणं हे डोक्यात ठेवून उत्तर द्यायचं.

आता पर्सेंटाईल. भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमाप्रमाणे ओपनला ५० पर्सेंटाईल आणि एससी, एसटी, ओबीसीला ४० पर्सेंटाईल पाहिजे. ५० पर्सेंटाईल म्हणजे ५० मार्क नव्हेत. परीक्षा दिलेल्या शंभरातल्या पन्नास जणांइतके किंवा त्यांच्यापेक्षा जास्त तुमचे मार्क, एवढाच त्याचा अर्थ. पेपर सगळ्यांना अवघड गेला तर कमी मार्कांतही तेवढं पर्सेंटाईल येतं. मावसबहीण पेपर देऊन बाहेर आली तेव्हा रडवेली झाली होती, ताई, माझे निम्मेच बरोबर आले असतील. रिझल्ट आला तेव्हा पात्रतेच्या बऱ्याच वर होती. त्यामुळे पेपर झाल्यावर हिशोब घालत बसू नका.

सीईटी दिली म्हणजे ॲडमिशनचा फॉर्म भरला असं नाही

हे मी मोठ्याने सांगते कारण दरवर्षी दोन-चार पोरी यातच अडकतात. सीईटीचा फॉर्म हा फक्त परीक्षेचा. निकालानंतर कॅपचं म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं, वेगळी फी, वेगळे कागद अपलोड. ते केलं नाही तर ९० पर्सेंटाईल असलं तरी तुमचं नाव मेरिट लिस्टमध्ये येत नाही. त्यानंतर तात्पुरती यादी लागते, त्यात आपलं नाव, प्रवर्ग, मार्क, जेंडर नीट आहे का ते बघायचं आणि चुकलं असेल तर दिलेल्या मुदतीतच हरकत घ्यायची, फायनल यादी लागल्यावर कोणी ऐकत नाही.

मग ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंती. इथे लोक उगाच डोकं चालवतात, की वरचं कॉलेज आपल्याला लागणार नाही म्हणून त्याला खाली टाकू. असं करू नका. कॉम्प्युटर तुमची यादी वरून खाली बघतो आणि जिथे तुमचे मार्क बसतात तिथे थांबतो, त्यामुळे न लागणारं कॉलेज वर टाकल्याने काही नुकसान होत नाही, पण हवं असलेलं कॉलेज खाली टाकलं तर वरचंच गळ्यात पडतं. आणि जिथे खरंच जायचं नाही ते कॉलेज यादीतच घेऊ नका. फॉर्म भरून शेवटी सबमिट करून प्रिंट काढा, नुसता सेव्ह करून झोपू नका. सीट लागल्यावर ती घ्यायची, सोडायची, पुढच्या राऊंडला जायचं, याचे नियम त्या वर्षीच्या पुस्तिकेत असतात, ते वाचल्याशिवाय रिपोर्टिंग टाळू नका, हातची सीट जाऊ शकते.

कॉलेज कसं बघायचं

ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी निदान तीन-चार कॉलेजं प्रत्यक्ष बघून या. गाडीभाड्याचे हजार-दोन हजार जातील, जाऊ द्या.

घरी बसून करायचं ते आधी करा. कॉलेजला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची म्हणजे नाशिकच्या एमयूएचएसची संलग्नता आहे का, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव आहे का, भारतीय नर्सिंग परिषदेच्या यादीत आहे का, तिन्ही वेबसाईटवर बघा आणि मंजूर सीट किती तेही बघा. अभिमत विद्यापीठांची कॉलेजं एमयूएचएसखाली नसतात, त्यांचं वेगळं, पण परिषदेची यादी त्यांनाही लागू.

मग प्रत्यक्ष जा, आणि कॉलेजात नंतर, आधी हॉस्पिटलात जा. कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल असावं, त्यातल्या ७५ टक्के खाटा भरलेल्या असाव्यात, एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असावेत असे परिषदेचे निकष आहेत. हे कागदावर सगळ्यांचंच बरोबर असतं, म्हणून डोळ्याने बघायचं.

आम्ही एका ठिकाणी मंगळवारी सकाळी साडेदहाला गेलो. बिल्डिंग काचेची, लिफ्ट, एसी सेमिनार हॉल, मॅडमनी प्रेमाने लॅब दाखवली, डमीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. मी म्हटलं वॉर्ड बघू का, त्या म्हणाल्या हो बघा की. फिमेल वॉर्डात वीस खाटा, पेशंट तीन. चादरींच्या घड्यांच्या रेघा तशाच होत्या, म्हणजे त्यावर कोणी झोपलेलंच नव्हतं. ड्रेसिंग ट्रॉलीच्या चाकाला धूळ होती. मंगळवारी साडेदहा म्हणजे राऊंडची वेळ, त्या वेळी चालत्या वॉर्डात उभं राहायला जागा नसते, सिस्टर औषधांची ट्रे घेऊन पळत असतात, लॅबचे सॅम्पल जात असतात, नातेवाईक हाका मारत असतात. इथे पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मी बहिणीला बाहेर येऊन सांगितलं, इथे तू इंजेक्शन द्यायला डमीवरच शिकशील.

दुसरं कॉलेज जुनं, भिंतीचा रंग उडालेला, हॉस्टेलच्या एका खोलीत चौघी. पण वॉर्ड भरलेला, लेबर रूमच्या बाहेर बाकावर बायका वाट बघत बसलेल्या, आणि थर्ड इयरच्या दोन मुली एका म्हातारीचा बीपी घेऊन चार्टवर लिहीत होत्या, त्यांच्या मागे उभ्या राहून मॅडम तपासत होत्या. ते आम्ही पसंतीत पहिलं टाकलं आणि तेच लागलं.

विद्यार्थिनींशी बोला, मॅडमसमोर नाही, गेटबाहेर चहाच्या टपरीवर. त्यांना विचारा की डिलिव्हरी स्वतःच्या हाताने केल्या का की नुसत्या केसबुकात लिहिल्या, क्लिनिकलला आठवड्यातून किती दिवस जाता, सरकारी हॉस्पिटलात आणि पीएचसीला म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात पोस्टिंग असतं का, मानसिक रुग्णालयाचं पोस्टिंग कुठे, शिकवायला मॅडम टिकतात का की दर सहा महिन्यांनी बदलतात. परीक्षेच्या आधी वेगळे पैसे मागतात का हेही विचारा. पोरी खरं सांगतात.

आणि एजंट. "हजेरीची गरज नाही, परीक्षेला या, डिग्री घरपोच" असं सांगून परराज्यातल्या कॉलेजात सीट लावून देणारे निकालानंतर घरापर्यंत येतात. नर्सिंगला थिअरीची ८० टक्के हजेरी लागते आणि डिग्री हातात पडायच्या आधी क्लिनिकलचे तास शंभर टक्के पूर्ण करावे लागतात. हे न करता जी पोरगी नर्स होते तिच्या हातात उद्या कोणाचं तरी बाळ असणार आहे. अशा माणसाला दारातूनच परत पाठवा.

पैसे

सरकारी कॉलेजची फी प्रायव्हेटच्या मानाने फारच कमी असते. सीटा थोड्या, मेरिट वर. मुंबईत जेजे हॉस्पिटलच्या आवारातलं, नागपूरचं, अशी सरकारी कॉलेजं पसंतीत वर टाकायलाच हवीत. प्रायव्हेट विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि कॉलेजनिहाय आकडा त्यांच्या वेबसाईटवर असतो, तो प्रिंट करून सोबत न्या. त्याहून जास्त कोणी डोनेशन म्हणून मागत असेल तर १९८७ च्या कायद्याने कॅपिटेशन फी घेणं गुन्हा आहे. पावतीशिवाय एक रुपया द्यायचा नाही. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, शूज, पुस्तकं, क्लिनिकलला जायचा बसचा खर्च, डिपॉझिट, हे फीच्या बाहेर असतं, एकेक लिहून घ्या आणि चार वर्षांची बेरीज करा, पहिल्या वर्षाचा आकडा ऐकून निर्णय घेऊ नका.

स्कॉलरशिपचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर मिळत नाही, आणि अभिमत विद्यापीठांना ही योजना लागू नाही. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, एससी-एसटीसाठी पोस्ट मॅट्रिक, हॉस्टेलला राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. माफी आहे म्हणजे हॉस्टेल आणि मेसही माफ असं समजून बसू नका, ते तुम्हालाच भरायचंय. बँक खातं मुलीच्या स्वतःच्या नावावर पाहिजे, आणि ते आधारला नुसतं लिंक असून चालत नाही, सीड केलेलं, म्हणजे सरकारचे पैसे आधारवरून थेट त्याच खात्यात येतील असं जोडलेलं पाहिजे, दोन्हीत फरक आहे. आपलं खातं बँकेत जाऊन "डीबीटीसाठी सीडिंग झालंय का" असंच विचारा. आमच्या इथे एकीची स्कॉलरशिप अख्खं वर्ष नुसत्या या कारणाने अडकली.

बाकीचे रस्ते

लष्कराच्या कॉलेजात बीएस्सी नर्सिंग फक्त मुलींसाठी, त्यासाठी नीट द्यावीच लागते. देशभरात एकूण २२० सीटा, त्यातल्या ४० पुण्याला एएफएमसी या लष्कराच्या मेडिकल कॉलेजात आणि ४० मुंबईत नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलला. शिक्षण, राहणं, खाणं सरकारचं, पण पुढे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये नोकरीचा बॉंड असतो, तो घरच्यांना बसवून वाचून दाखवा. एम्सची बीएस्सी ऑनर्स नर्सिंगची परीक्षा वेगळी, तिला बारावीला ५५ टक्के लागतात, एससी-एसटीला ५०, आणि आपल्याकडे नागपूरला एम्स आहेच. अभिमत विद्यापीठं आपापली परीक्षा घेतात, फी बघून जा. गोव्यातल्यांना बांबोळीची इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन जवळची, तिथली प्रवेशाची पद्धत आणि अधिवासाच्या अटी गोव्याच्या, महाराष्ट्राच्या सीईटीशी संबंध नाही.

सीट लागली, आता रिपोर्टिंगचा दिवस

सकाळी कॉलेज उघडायच्या आधी पोचा, शेवटच्या दिवशी जाऊ नका, शेवटच्या दिवशी बँकेचं सर्व्हर, पाऊस, एसटी, सगळं एकदम आडवं येतं. ओरिजिनल फाईल, झेरॉक्सचे सेट, अलॉटमेंट लेटरची प्रिंट, मेडिकल फिटनेस, फी डीडीने की ऑनलाइन ते आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं असावं. ओरिजिनल जमा केल्याची पोच, कागदांच्या नावांसकट, शिक्का मारून घ्या. ॲडमिशन ऑनलाइन कन्फर्म झाल्याची पावती तिथेच उभं राहून घ्या, उद्या मिळेल म्हणाले तरी.

हिपॅटायटिस बीची लस आजच सुरू करा, तीन डोस असतात, पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, म्हणजे वॉर्डात पहिली सुई हातात घ्यायच्या आधी निदान दोन झालेले असतात. बॅगेत सेकंदाचा काटा असलेलं साधं घड्याळ ठेवा, पल्स मोजायला मोबाईल चालत नाही. नखं कापून, बांगड्या-अंगठ्या घरी ठेवून जा. पहिल्या सेमिस्टरला सगळं इंग्रजीत असतं, ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, सायकॉलॉजी, नर्सिंग फाउंडेशन, मराठी मीडियमच्या पोरी पहिले दोन महिने घाबरून जातात, एक वही करून रोजचे दहा शब्द मराठी अर्थासकट लिहायचे. मावसबहिणीची ती वही आता तिसरी चालू आहे, परवा व्हिडिओ कॉलवर दाखवत होती, पहिल्याच पानावर लिहिलंय, पॅल्पेशन म्हणजे हाताने चाचपून बघणं.